खांबांची विचारपूस

पद्मजा मगदूमची नोकरी ऐकण्याची होती, आणि म्हणूनच तिच्याशी बोलायला कुणी धजत नसे.

तसा हा अन्यायच. ती माणसांचं बोलणं ऐकत नव्हती, विजेचे खांब ऐकत होती. पण कृष्णाकाठच्या त्या तालुक्यातल्या लोकांना हा फरक समजावता समजावता तिची तीन वर्षं गेली आणि फरक कुणाच्याच गळी उतरला नाही. लग्नात ती पंगतीला बसली की शेजारची बाई हळूच विषय बदलून आमटीची चौकशी करायची. खांबाखाली उभं राहून भांडणारे लोक आता दहा पावलं लांब जाऊन भांडत. तिच्या हुद्द्याचं नाव 'श्रवण सहायक' असं भारदस्त होतं. लोक तिला 'कानवाली' म्हणत.

झालं होतं असं. वीज कंपनीला चोरांनी आणि टारगटांनी वर्षानुवर्षं जेरीस आणलं होतं. डीपीतलं तेल काढून न्यायचं, तांबं कापून न्यायचं, डीपीच्या पेटीचं झाकण उचकटून ते आपल्या न्हाणीला दार म्हणून लावायचं, खांबावरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवर, म्हणजे इन्सुलेटरांवर, दगडांनी नेम धरायचा. आकडे टाकण्याला तर कुणी गुन्ह्यात धरतच नव्हतं. मग २०३४ साली स्पंदतार आली.

स्पंदतार म्हणजे काचेची केसासारखी तार. विजेच्या तारांच्या जोडीनं ती खांबाखांबाला बांधत नेली. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची ठिणगी सोडायची. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक दोष राहतातच, आणि त्या प्रत्येक दोषावरून प्रकाशाचा कणभर अंश मागे फिरतो. खांब हलला की काच अगदी नकळत ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा तो किती वेळानं परतला यावरून कोणत्या खांबाला धक्का बसला ते समजतं. थोडक्यात, तालुक्यातला प्रत्येक खांब म्हणजे एक कान झाला. संगणकाला वर्षभर शिकवलं: हा करवतीचा आवाज, हा पान्याचा, हा आकडा पडल्याचा, ही म्हैस अंग घासतेय. जमिनीतून येणाऱ्या पावलांवरून तो माणसाची चालसुद्धा ओळखू लागला. नाव मात्र त्याला कळत नसे. ते शोधून रकान्यात भरायचं काम पद्मजाचं.

चोऱ्या सहा महिन्यांत थांबल्या. कंपनी खूश झाली आणि खूश झालेलं कुठलंही कार्यालय करतं तेच तिनं केलं, म्हणजे माणसं कमी केली. पावसाळ्याआधी गावोगाव फिरून खांब तपासणाऱ्या वायरमनच्या टोळ्या बंद झाल्या. खांबाला काही झालं तर यंत्राला कळेलच, मग उन्हातान्हात माणसं कशाला हिंडवायची, असा सरळ हिशेब होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी पद्मजा सबस्टेशनातल्या आपल्या खुर्चीत बसली तेव्हा पडद्यावर लाल पट्टी आली होती.

'कोथळवाडी फीडर. एकच इसम. खांबांवर धातूचे ठोके, रोज सकाळी, चार महिने. हेतू अज्ञात. शुक्रवारी पाच वाजता प्रकरण आपोआप पोलिसांकडे, वर्ग: सराईत. कृपया नाव भरा.'

कोथळवाडी म्हणजे तिचं माहेर. तिनं कानाला हेडफोन लावला.

ठण, ठण, ठण. मग थोडा थांबा. मग एकच, जरा वरच्या अंगाला: ठण्ण. मग पावलं, डावा पाय किंचित ओढणारी. पुढचा खांब. पुन्हा तीन, थांबा, एक. फोडायचं असतं त्याला एवढी शिस्त कशाला? चोर असा गावभर ठोके देत फिरत नाही, आणि टारगट माणूस सकाळी साडेसहाला उठत नाही. पद्मजाला फार दिवसांनी आपल्या कामात गंमत वाटली. तिनं चहा बाजूला सारला आणि संगणकानं हत्याराबद्दल काय लिहिलंय ते उघडलं.

'स्क्रू पाना, बारा इंची. जबड्याचा एक कोपरा तुटलेला.'

गंमत तिथंच संपली. तो पाना तिच्या ओळखीचा होता. तो तिच्या वडिलांचा, आप्पांचा होता. कोपरा कधी तुटला हेही तिला माहीत होतं. तिनंच लहानपणी त्या पान्यानं नारळ फोडायला घेतला होता. आप्पा वायरमन होते. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा तिनं तो पाना त्यांच्या जोडीदाराला, दस्तगीरमामांना, स्वतःच्या हातानं दिला होता.

नावाचा रकाना रिकामा लुकलुकत होता. तिनं तो रिकामाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं स्कूटर काढली. कोथळवाडीचा रस्ता उसातून जातो. उसाला पाणी पाजून पाजून तिथली जमीन मिठानं पांढरी पडलेली आहे, आणि त्या पांढऱ्या मातीत लोखंडी खांब घोटाघोटापर्यंत रुतून उभे आहेत.

दस्तगीर नदाफ दूध डेअरीच्या समोरच राहत. वय एकाहत्तर, चौतीस वर्षं लाईनवर काढलेली, डावा पाय एकदा खांबावरून घसरून दुखावलेला. ती पोचली तेव्हा ते डेअरीपुढच्या त्रेसष्ट नंबरच्या खांबाशी वाकून उभे होते आणि त्यांचा तळहात खांबावर होता, डॉक्टरनं पोराच्या छातीवर ठेवावा तसा.

"मामा, काय करताय?"

"विचारतोय," मामा मागं न बघता म्हणाले. "आलीस व्हय? वाटलंच मला, आज ना उद्या येणार म्हणून. तुझं ते यंत्र लई चुगलखोर हाय."

"कुणाला विचारताय?"

"ह्यालाच की. तुझ्या बानं कधी सांगितलं न्हाई तुला? खांबाला विचारल्याबिगर वर चढायचं न्हाई. खालनं तीन ठोकं द्यायचं, हात लावायचा, मग वर एक ठोका. बरा असला तर खणखणीत बोलतोय. आतनं कुजला असला की भद्द बोलतोय. आमच्या टायमाला हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण विचारल्याबिगर चढलेला गडी मला तरी म्हातारा झालेला दिसला न्हाई."

"पण आता तुम्ही कुठं चढताय?"

"मी न्हाई चढत. माणसं खाली तर उभी ऱ्हात्यात." त्यांनी पान्यानं डेअरीकडे दाखवलं. किटल्या घेऊन पंधरावीस बायका रांगेत होत्या, बरोबर खांबाच्या सावलीत. "टोळ्या बंद झाल्या तवापासनं ह्येंची कोण चौकशीच करीना झालंय. महापुरात धा दिवस पाण्यात उभं हुतं हे सगळं. म्हटलं, मला दुसरं काय काम हाय? सकाळचं फिरनं बी हुतंय."

त्यांनी पुढच्या, चौसष्ट नंबरच्या खांबावर ठोका दिला. तो घंटेसारखा वाजला आणि वाजत राहिला. मग त्रेसष्टवर. तो वाजला आणि गप्प झाला.

"ऐकलंस? चार म्हैने अर्ज करतोय. नातीनं मोबाईलवर भरून दिला, एकदा न्हाई, चारदा. दर टायमाला एकच उत्तर. 'खांबाची स्पंदने सामान्य आहेत.'"

"मामा, शुक्रवारी तुमचं नाव पोलिसांत जाणार आहे. खांब फोडणारा सराईत म्हणून."

मामांनी पाना पुसून पिशवीत ठेवला.

"कोण घालणार नाव?"

"मी."

"मग घाल बाई. तुझी नोकरी हाय. फकस्त एवढं कर, त्या बायकांना तेवढं तिथनं हलीव."

हे ऐकून पद्मजाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला राग आला, आणि राग नेमका कुणाचा हे न कळल्यामुळे ती तो सबस्टेशनपर्यंत तसाच घेऊन आली.

त्या दुपारी तिनं तिला कुणीच सांगितलं नव्हतं ते काम केलं. संगणकात मामांचे चार महिन्यांचे ठोके जसेच्या तसे पडून होते. तिनं प्रत्येक खांबाचे ठोके तारखेप्रमाणे एकाखाली एक लावले. चौसष्ट नंबरचा नाद ऑक्टोबरात दीड सेकंद टिकत होता, आजही दीड सेकंद. त्रेसष्टचा ऑक्टोबरात एक सेकंद, डिसेंबरात पाऊण, आणि आज सकाळी पाव सेकंदसुद्धा नाही. सूरही खाली खाली आलेला. बुंधा पोखरला की खांब ढिला पडतो आणि नाद मातीत जिरून जातो, यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

मग यंत्राला हे का ऐकू येऊ नये? तिनं माहितीपुस्तिका काढून वाचली, आणि विसाव्या पानावर उत्तर होतं. वारा बदलतो, ऊन बदलतं, तारांचा ताण बदलतो. उगाच धोक्याच्या घंटा वाजू नयेत म्हणून यंत्र रोज मध्यरात्री त्या दिवसाच्या खांबालाच 'सामान्य' मानून घेत असे. कालच्यापेक्षा आज वेगळं काय, एवढंच त्याला विचारलेलं होतं. गंज एका दिवसात काही वेगळं करत नाही. खांब रोज केसभर कुजत होता आणि यंत्र रोज त्याला पास करत होतं. कुणी दगड मारला तर ऐकू जाईल, पण कुणी ढुंकूनही पाहिलं नाही तर त्याचा आवाज होत नाही.

ती कागद घेऊन येडूरकर साहेबांकडे गेली. सहायक अभियंता येडूरकर वाईट माणूस नव्हते. तीन तालुके, एक जीप आणि रोज चाळीस अहवाल असा त्यांचा संसार होता.

"मॅडम, इंटरेस्टिंग आहे," आलेख बघून ते मनापासून म्हणाले. "पण मी काय करू? देखभालीच्या कामाचा आदेश यंत्र काढतं, आणि यंत्र म्हणतंय सामान्य."

"तुम्ही एकदा येऊन बघा, सर. वीस किलोमीटर आहे."

"जीप मिळायला हवी ना. गाडी फक्त अलार्मवर सुटते. लाल अलार्म वाजला की गाडीचं कुलूप आपोआप उघडतं, आणि मग मी वीस मिनिटांत कुठंही पोचतो. मागच्या वर्षी आमचा पहिला नंबर आला." हे शेवटचं वाक्य त्यांनी थोड्या अभिमानानं म्हटलं. "आणि त्या कोथळवाडीच्या माणसाचं नाव तेवढं भरा. शुक्रवारपर्यंत."

"देखभाल असं कारण लिहिलं तर?"

"आदेशाचा नंबर मागेल. खोटा नंबर घातलात तर तुमच्यावर येईल."

पद्मजा दारापर्यंत गेली आणि तिथं थबकली. गाडी फक्त अलार्मवर सुटते. साहेब बोलायचं ते बोलून गेले होते, आणि आपण काय बोललो याची त्यांना दादही नव्हती.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि साडेसात वाजता कोथळवाडीला पोचली. येताना तिनं आईच्या परड्यातली कुदळ उचलून आणली होती.

"हे काय आणि?" मामा म्हणाले.

"मामा, चार अर्जांना कुणी आलं नाही ना? आज येतील."

मामांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पद्मजानं आप्पांच्या मयतीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. पण लगेच त्यांच्यातला वायरमन जागा झाला. "खांबाला शिवायचं न्हाई. कुदळ नुसती मातीत, हातभर लांब. आणि आधी माणसं."

त्यांनी डेअरीची रांग पलीकडच्या बोळात नेली. बायका कुरकुरल्या. शालन चौगुलेनं तर पद्मजाला तोंडावरच विचारलं, "काय गं, आज आमची रांग बी ऐकू आली व्हय तुझ्या कानाला?" मामांनी रस्त्यावर आडवी दोरी बांधली, वीज सुरू आहे हे दहादा बजावलं, आणि मगच मान हलवली.

पद्मजानं कुदळ मारली. एक, दोन, तीन. सबस्टेशनात आपल्या रिकाम्या खुर्चीपुढे या क्षणी काय लिहून येत असेल हे तिला तोंडपाठ होतं: 'खांब ६३. बुंध्याशी खोदकाम. गंभीर. इसम: स्त्री.' आणि तिची चाल तर यंत्राला रोजची ओळखीची.

सतराव्या मिनिटाला जीप आली. सायरन वाजवत, धुरळा उडवत, तिच्या मागून पोलिसांची मोटारसायकल. येडूरकर साहेब उडी मारून उतरले आणि कुदळ कुणाच्या हातात आहे ते बघून जागीच थांबले.

"मगदूम मॅडम?"

"माझं नाव मीच भरते, सर. तुम्ही आलाच आहात तर एक मिनिट द्या."

मामा पुढे झाले. कधी काळी नव्या साहेबांपुढे उभं राहावं तसे ते ताठ उभे होते. त्यांनी पाना पुसून साहेबांच्या हातात दिला. "साहेब, आधी त्या चौसष्टला विचारा. मग ह्येला. हळू, बरं का."

साहेबांनी पोलिसाकडे पाहिलं, बोळातून माना काढणाऱ्या बायकांकडे पाहिलं. मग चौसष्टवर ठोका दिला. खांब खणखणला. ते त्रेसष्टकडे आले आणि त्यांनी हलकेच पाना टेकवला. भद्द. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा चौसष्टला गेले, पुन्हा आले. इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर असं काही हातानं करून बघायची त्यांच्यावर बहुधा वेळच आली नव्हती. खाली वाकून त्यांनी बुंध्याशी मातीत बोट घातलं, आणि लोखंडाचा पापुद्रा खारी बिस्किटासारखा त्यांच्या बोटाला लागून आला. मग दुसरा. मग तिसरा.

ते सावकाश उठले आणि चार पावलं मागे सरले.

"लाईन बंद करायला सांगा," ते फोनवर म्हणाले. "कोथळवाडी, पूर्ण फीडर. आणि क्रेन. हो, अलार्मच आहे. आता माझ्या समोर आहे."

क्रेन साडेदहाला आली. खांबाला पट्टा घालून तिनं नुसता ताण घेतला, आणि त्रेसष्ट नंबर जमिनीलगत मोडून पट्ट्यात लोंबकळला. फारसा आवाजही झाला नाही. जिथं सकाळची रांग लागते तिथंच त्याचं टोक हेलकावे घेत होतं. शालन चौगुले हातातली किटली खाली ठेवायची विसरली.

शुक्रवारी दुपारी साडेचार वाजता पद्मजा आपल्या खुर्चीत होती. येडूरकर साहेब तिच्या मागे उभे होते. लाल पट्टीत आता एकाऐवजी तीन इसम दिसत होते: डावा पाय ओढणारा, कुदळवाली स्त्री, आणि गुरुवारी सकाळी दोन खांबांवर मिळून अकरा ठोके मारणारा एक पुरुष, बूट सरकारी.

"अकरा मारले मी?" साहेब म्हणाले.

तिनं तिन्ही नावं भरली. मग कारण. यादीत सात कारणं होती: चोरी, तोडफोड, आकडा, अपघात, जनावर, आदेशानुसार देखभाल, इतर. तिनं 'इतर' निवडलं. खाली एका शब्दाची जागा होती. तिला 'तपासणी' सुचलं, पण तपासणी ही कंपनीची, तिला आदेश लागतो. मामा रोज सकाळी करत होते ते वेगळंच होतं. आजारी माणसाच्या घरी जाऊन दाराशी उभं राहून, कसं काय आहे, म्हणून विचारावं तसं. तिनं लिहिलं: 'विचारपूस'.

यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि शब्द स्वीकारला. लाल पट्टी गेली.

"वरून विचारतील," साहेब म्हणाले.

"विचारू देत. मी आलेख जोडलेत."

वरून विचारणा झाली, कागद इकडून तिकडे गेले, आणि पद्मजाला एक खरमरीत पत्रही आलं. पण आलेख तेवढे चोख होते. दोन महिन्यांनी यंत्राला नवं काही शिकवायचं ठरलं आणि शिकवायला पद्मजालाच बसवलं. ठोक्याचा नाद कसा मोजायचा, आजचा खांब कालच्याशी नाही तर पहिल्या दिवसाच्या खांबाशी कसा ताडून बघायचा. गावोगावचे निवृत्त वायरमन पाने घासूनपुसून सकाळी बाहेर पडू लागले. कोथळवाडीत डेअरीची रांगही नव्या त्रेसष्टला जाता येता किटलीनं एक टोला देऊ लागली, आणि पंगतीत शालननं स्वतः होऊन पद्मजाला शेजारी जागा धरली. यंत्र आता 'विचारपूस' हे आठवं कारण आपणहून लिहीत असे.

जूनमधल्या एका सोमवारी ती सकाळी खुर्चीत बसली आणि पडद्यावर एक ओळ आली. रंग लाल नव्हता. अशा गोष्टीला कुठला रंग द्यायचा हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

'कोथळवाडी, खांब ६३. बारा इंची पान्याची रोजची विचारपूस आज झालेली नाही.'

तिच्या बघता बघता त्या ओळीखाली दुसरी ओळ आली. खांब ६४. मग ६५. मामांच्या फेरीच्या क्रमानं, एकामागून एक.

तिनं स्कूटर काढली. वीस किलोमीटर कसे गेले ते तिला कळलं नाही. डेअरीसमोरचं दार उघडंच होतं. दस्तगीरमामा खाटेवर पडून होते, अंगावर दोन चादरी, डोळे तापानं लाल. उशाशी पाण्याचा तांब्या, आणि तांब्याशेजारी पाना. नात गावाला गेलेली, त्यामुळे घरात दुसरं कुणी नव्हतं.

"तू कशी काय?" ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "मी तर कुणाला कळवलं न्हाई."

पद्मजानं त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला. चांगलाच ताप होता. तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि मगच खाटेच्या कडेवर बसली.

"खांबांनी सांगितलं, मामा."

मामांनी डोळे मिटले.

"त्रेसष्टनं बी?"

"सगळ्यात आधी त्यानंच."